दगडाची खालची बाजू

१

सकाळचा पहिला चहा आमच्या घरी मी करतो. मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर उभं राहून जन्म गेला. पहाटे उठायची खोड लागली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. उठायचं, पाणी घातलंस म्हणून दूधवाल्याशी भांडायचं, आलं ठेचायचं, चहा टाकायचा आणि मधल्या खोलीकडं तोंड करून ओरडायचं, "अगं, झाला." मग ही पदर खोचत येणार आणि आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून न बोलता पिणार. बोलण्यासारखं राहिलंय काय एवढ्या वर्षांत? पण ती शेजारी लागते. नसली तर चहा घशाखाली उतरत नाही.

तरसालीला आम्ही घर बांधलं तेव्हा इथं नुसती शेतं होती. बडोदं पार तिकडं. पायाच्या खड्ड्यात एक दगड निघाला. काळा, जाड, देवापुढच्या पाटाच्या दुप्पट. गवंडी म्हणाला, फोडून भरावात घालू. मी म्हटलं, फोडतोस कशाला, धुण्याला होईल. मागच्या दारी नळाखाली बसवला. हिनं सगळा संसार त्याच्यावर धुतला.

मग आमचा कुणाल अमेरिकेला गेला. कॉम्प्युटरचं काही करतो. तेव्हा आमच्या सोसायटीत एकेकाच्या घरी काहीतरी येतच होतं. कोणाकडं केबल, कोणाकडं फोन, कोणाकडं मारुती. आमच्याकडं कपडे धुवायचं मशीन आलं. आईचे गुडघे दुखतात म्हणून कुणालनं घ्यायला लावलं. ठेवायला जागा एकच, नळाजवळची. म्हणून दगड हलवायचा ठरला. चार मजूर, पहारी, घाम आणि शिव्या. उचलताना तो त्यांच्या हातातून सुटला आणि उलटा पडला.

खालची बाजू आजवर कोणी बघितलीच नव्हती.

वरून तो खरबरीत होता, टाकी मारल्यासारखा. खालून मात्र तुळतुळीत. तेल पाजल्यासारखा. आणि त्यात तीन खळगे. पुढं दोन, लांब लांब. मागं मध्यावर एक, पसरट आणि खोल. लेथवर फिनिश काढलेला माल मी ओळखतो. ही घासून आलेली झिलई होती, हत्याराची नव्हती. मजूर म्हणाले, कांडायचं काहीतरी असेल. मीही म्हटलं, असेल.

ही तेवढ्यात चप्पल काढून त्याच्यावर बसलीसुद्धा. मांडी घातली. बैठक मागच्या खळग्यात, दोन गुडघे पुढच्या दोन खळग्यांत.

"अहो, बघा तरी. मापाचा आहे."

"लोकं घरात सोफा आणतात, तू दगड आण."

"दुखत नाहीयेत," ती म्हणाली. "गुडघे. अजिबात."

सयाजीगंजच्या डॉक्टरनं तिला जमिनीवर बसू नका म्हणून बजावलेलं होतं. आणि इथं ती हसत होती. मी मजुरांना म्हटलं, चला, आता हलवलाच आहे तर घरात घ्या. मधल्या खोलीत, भिंतीला लागून ठेवा. हे मीच म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

२

आमच्या लाइनीत मोहनाबाई राहतात. कॉलेजात जुना इतिहास शिकवायच्या. आता सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी योगाचा वर्ग घेतात. ही त्यांच्याकडं जायला लागली होती, म्हणून त्या एकदा दगड बघायला आल्या. चष्मा पुसला, परत लावला, वाकून बघत राहिल्या.

"लक्ष्मणराव, हा धुण्याचा दगड नाही. ही कोणाची तरी बसायची जागा आहे."

"म्हणजे आसन? तुम्ही लोकं डोक्यावर उभी राहता ते?"

"ती सगळी फार मागाहून आलेली. जुन्यात जुनं शोधत गेलात तर आसन म्हणजे नुसतं बसणं. बसायचं, हलायचं नाही. श्वास कोंडून धरायचा. रानात, नदीकाठी. गावाला, बायकामुलांना पाठ करून."

"आणि तब्येत सुधारायची."

त्या हसल्या. "तब्येतीसाठी कोण करत होतं! तब्येत जायचीच त्यांची. आधी देहाची हालचाल थांबवायची, मग श्वासाची, मग मनाची. सगळं थांबल्यावर खाली काय उरतं ते बघायला बसायचे."

"काय उरायचं?"

"ते सांगायला उठून कोण आलं?"

मला असली बोलणी आवडत नाहीत. मी चौथी शिकलेला माणूस. म्हटलं, पाटीवर लिहिल्यासारखं सरळ सांगा, किती जुना असेल? त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, सांगता येत नाही. सिंधूकाठच्या एका मुद्रेवर असाच एक बसलेला आहे, गुडघे फाकवून. कोणी म्हणतं योगी, कोणी म्हणतं देव, कोणी म्हणतं दोन्ही नाही. ठाम कोणालाच ठाऊक नाही.

"पण दगड बसून झिजलाय एवढं खरं," त्या म्हणाल्या. "आणि हे एका माणसाच्यानं होत नाही. एक गेला की त्याच जागी दुसरा, दुसरा गेला की तिसरा, असं झालं असणार."

बोलता बोलता त्यांनी मागच्या खळग्यात तळहात ठेवला. आणि उचलला. पदराला पुसला.

"याला ऊन लागत होतं का आत्ता?"

त्या खोलीत ऊन येत नाही. मी हात लावून बघितलं. कोमट होता. माणूस नुकता उठून गेल्यावर खुर्ची असते तेवढा.

"सुनंदा बसली असेल सकाळी," मी म्हटलं.

"मी आज बसलेच नाही," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "उपमा खाऊन जाणार ना मोहनाताई?"

उपमा न खाताच गेल्या.

३

पुढची गोष्ट दिवसाढवळ्याची आहे.

ही ओट्याशी पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज येत होता, बांगड्यांचा येत होता. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. आणि मधल्या खोलीतून श्वास ऐकू आला.

घ्यायचा श्वास. सावकाश, लांब, नाकातून. मग काही नाही. इतका वेळ काही नाही की मी पेपरातली बातमी संपवली. मग सोडायचा.

मी आयुष्य मशिनींच्या आवाजात काढलंय. कुठलं बेअरिंग गेलंय हे मी लांबून सांगतो. म्हणून आधी मशिनी धरल्या. फ्रिज? मोटर चालू झाली की तो गुरगुरतो, तसा हा आवाज नाही. पंखा? बंद केला. शेजारच्यांचा पंप? हेरंबभाई गावाला गेलेले. धुवायचं मशीन कोरडं पडलेलं. शेवटी मी उठलो आणि मेन स्विच खाली पाडला. घर गप्प झालं. पोळपाटावर लाटणं फिरत होतं तेवढंच.

आणि श्वास आत घेतला गेला.

मी दारात उभा राहिलो. खोलीत दगड, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात शिवणयंत्र. दुसरं काही नाही. मी वाट बघत होतो तो सोडला जायची. माझीच छाती भरून आली. लक्षात आलं की मीही धरून ठेवलाय.

"लाइट का घालवली?" ही ओरडली.

मी श्वास सोडला. खोलीतला सुटला नाही. मी स्विच वर करून परत येईपर्यंत, परत येऊन खुर्चीत बसेपर्यंत, जेवायला बसेपर्यंत मी कान लावून होतो. कोणीतरी तो धरून बसलं होतं.

तिला सांगितलं नाही. काय सांगणार? म्हातारा झालो, कान वाजतात, असं म्हणाली असती. आणि मलाही तसंच म्हणायचं होतं.

४

ही बसायला लागली ती वाढतच गेली. आधी चहाच्या आधी जराशी. मग चहा निवेपर्यंत. मग चहा टाकून द्यावा लागेपर्यंत.

मी पायरीवर दोन कप घेऊन बसायचो. हाका मारायचो. शेवटी उठून आत जायचो. ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. पाठ ताठ. या बाईची पाठ कधी ताठ नव्हती, पोळ्या लाटून लाटून वाकलेली. आधी खळगे तिच्या गुडघ्यांना जरा सैल होते. आता बोट शिरायला फट नव्हती. मी बघितलं बोट घालून. एकदा मुंग्यांची रांग तिच्या मनगटावरून निघाली आणि दंडावरून वर पदरात गेली, आणि तिची पापणी हलली नाही. मी त्या झटकल्या. हात दगडासारखा लागला. गार नव्हे. कोमट.

खांदा धरून हलवलं. हलली नाही. हिला उचलून मी कधीकाळी पाणीगेटच्या पुरात गुडघाभर पाण्यातून नेलं होतं, मला वजन ठाऊक आहे तिचं. आता वाटलं, ती वरून ठेवलेली नाही, खालून आलेली आहे.

दुपारी भानावर आली.

"कुठं होतीस?"

"इथंच की."

"मी हलवलं तुला. बोंबललो."

"ऐकू आलं. लांबून." ती केस बांधत होती, काहीच झालं नसल्यासारखी. "खाली बसलं की वरचं लांबून येतं."

"खाली म्हणजे कुठं? वीतभर उंच दगड तो."

तिला सांगता येईना. "मांडीवर बसल्यासारखं वाटतं हो. लहान असताना आजोबांच्या मांडीवर बसायचे ना, तसं. त्यांचा श्वास पाठीला लागतो."

"कोणाचा?"

"विचारलं नाही," ती म्हणाली. आणि तांदूळ निवडायला बसली.

परक्याच्या मांडीवर बसते म्हणून बायको सांगते आणि मी समोर उभा राहून ऐकतो. हेही बघायचं राहिलं होतं.

रविवारी कुणालचा फोन आला. मी म्हटलं, तुझी आई बसते ती उठत नाही.

"बाबा, इकडे लोक डॉलर देऊन मेडिटेशन शिकतात. आईला आपोआप येतंय, तर तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?"

"अरे, उठत नाही ती."

"शेवटी उठते ना?"

"उठते."

"मग झालं तर. तुमचा चहा तुम्ही घ्या ना गपचूप."

मी फोन ठेवला. त्याला काय कळणार? दर वेळी उठून येणारी ती थोडी कमी होऊन येत होती. आवाज तोच, साडी तीच. पण भांडेना. दूधवाल्यावरून मी तोंड सोडलं की मला गप्प करणारी जगात एकच बाई होती, ती आता नुसती बघायची. म्हणून ठरवलं. उद्या दगड जाणार.

५

विश्राम टेम्पोवाला ओळखीचा. मराठीच, पण जन्म इथला, म्हणून बोलतो गुजराती. ही मोहनाबाईंच्या वर्गाला गेली आणि मी त्याला बोलावलं. म्हटलं, अजून दोघे आण, जड आहे. तो एकच पोरगेला गडी घेऊन आला.

"चार लागले होते मागच्या वेळी," मी म्हटलं.

"पहेला जोवा तो दो, काका." आधी बघू तर दे, म्हणाला.

दोघांनी दोन्हीकडून हात घातले, जोर करायला पाय रोवले आणि उचलला. उचलला तो असा झटक्यात की दोघेही मागं झोकांडले. विश्राम हसायला लागला.

"काका, आ तो साव हलको छे! अंदरथी पोलो छे के शुं?"

आतून पोकळ आहे का म्हणून त्यानं बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. ठक ठक. भरीव दगडाचाच आवाज. मीही एका बाजूनं हात लावला. देवळातल्या रिकाम्या दानपेटीसारखा उचलला जात होता. हसायला मला येईना. चार माणसांना नमवणारं वजन त्यात होतं, ते मी डोळ्यांनी बघितलेलं. गेलं कुठं?

नदीत, विश्वामित्रीत टाकू का, त्यानं विचारलं.

"कुठंही टाक. मला सांगू नको."

टेम्पो वळला. मी फडकं ओलं करून ती जागा पुसली. फरशीवर दगडाचा चौकोनी डाग होता, तो गेला. आमच्या फरशीला काळ्या-पिवळ्या वेलबुट्टीची नक्षी आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग. परत सगळी दिसायला लागली. खोली खोलीसारखी झाली. मी माझाच चहा करून उभ्याउभ्या प्यालो, बरं वाटलं.

ही आली. दारातून आत बघितलं.

"नेलात का?"

"नेला. आता बस माझ्याशी भांडत."

भांडली नाही. "बरं," म्हणाली. वरण-भात केला. जेवताना मला तूप वाढलं. मी म्हटलं, सुटलो.

६

दुपारी डोळा लागला. जागा झालो तेव्हा घर गप्प होतं. लाटण्याचा आवाज नाही, नळ नाही. पुढच्या खोलीतून मी मधल्या दाराकडं गेलो, अनवाणी.

ती बसली होती. पाठ माझ्याकडं, तोंड भिंतीकडं. रोज बसायची तिथंच. मागचं दार उघडं होतं, त्यातून उजेड जमिनीला लागून आडवा आत येत होता.

मला आधी काही चुकीचं वाटलंच नाही. रोज बघायची सवय. रोज ती एवढ्याच उंचीवर दिसायची.

मग दगड नाही हे आठवलं.

मी फरशीकडं बघितलं. वेलबुट्टी माझ्या पायापाशी सुरू होत होती, सरळ जात होती, तिच्या खालून जात होती, आणि पलीकडं भिंतीपर्यंत दिसत होती. मध्ये तुटत नव्हती. उजेडही मध्ये तुटत नव्हता. पदराचं टोक लोंबत होतं, जमिनीला टेकलेलं नव्हतं, आणि हळूहळू हलत होतं. एकदा आत ओढल्यासारखं. मग बराच वेळ थांबून, बाहेर.

मी वाकलो नाही. खाली हात घालून बघितला नाही. घालायला हवा होता म्हणाल, तर तुम्ही घाला.

"अगं," मी म्हटलं. "अगं ए."

काही नाही.

मी तिचं नाव कधी घेतलेलं नाही. लोकांसमोर घेतलं असेल, तिला हाक म्हणून कधीच नाही. आमच्यात तशी रीतच नव्हती. त्या दुपारी घेतलं.

"सुनंदा."

"ओ," ती म्हणाली.

तिचा आवाज. घाबरलेला, अर्ध्या झोपेतून उठवल्यासारखा, पण तिचा. मला हायसं वाटलं, ते एवढं वाटलं की आवाज कुठून आला हे कळायला वेळ लागला. समोर पाठमोरी बसलेली होती तिथून तो आला नव्हता. खालून आला होता. तिच्या आणि फरशीच्या मधून. नाही, तिथूनही नाही. फरशीच्याही खालून.

"अहो," आवाज म्हणाला, "मला जरा हात द्या."

मी दाराची चौकट धरून उभा होतो. एक पाऊल टाकलं. तेवढ्यात वर बसलेलं ते उठलं. गुडघ्यावर हात न टेकता, मांडी न सोडवता, कसं ते मला सांगता येत नाही, पण उठलं आणि जमिनीवर पाय ठेवून माझ्याकडं वळलं. साडी तिची. चेहरा तिचा. पदर सारखा केला.

"चहा ठेवू?" म्हणालं.

७

आता सगळे खूश आहेत. गुडघे बरे झाले. डॉक्टर म्हणतो, कमाल आहे. मोहनाबाई म्हणतात, सुनंदाबाईंसारखी बैठक माझ्या वर्गात कोणाची नाही. शर्वरी, आमची सून, फोनवर म्हणते, आई किती शांत बोलतात आता. कुणाल म्हणतो, बघा बाबा, तुम्ही उगीच.

माझ्याशीही गोड बोलते. सकाळी मी उठायच्या आत चहा तयार असतो. पायरीवर शेजारी येऊन बसते. मी जरा सरकून बसतो.

ती वर्गाला गेली की मी दार लावून घेतो. आधी मी त्या जागी गुडघे टेकून फरशीला कान लावायचो. काही ऐकू यायचं नाही, नुसतं स्वतःचं रक्त वाजायचं. एकदा पहार आणून फरशी उखडलीही. खाली माती आणि भराव. परत बसवून घेतली. नक्षी आता तिथं थोडी चुकते.

मग असंच दमून मी मांडी घातली आणि बसून राहिलो. पंखा बंद. हात मांडीवर. बराच वेळ हललो नाही, हलायचा जोरच नव्हता. आणि फरशीखालून ती बोलली. नेहमीचंच काहीतरी. मागचं दार लावलंत का, म्हणाली. मांजर येतं.

मोहनाबाई वर्गात विचारतात म्हणे, इतक्या जुन्या काळी, कोणी शिकवलं नसताना, पहिला माणूस असा डोळे मिटून बसला तो कशासाठी बसला असेल? मोठमोठी उत्तरं देतात लोक. मला विचारलं तर मी सांगेन. विचारणार नाहीत.

हललं की तिचा आवाज जातो. मनात दुसरं काही आलं की जातो. सगळ्यात जास्त माझाच श्वास आड येतो. तो धरला की ती अगदी जवळून बोलते. सुटला की लांब जाते. म्हणून धरून ठेवतो. या वयात सोपं नाही, पण रोज थोडा जास्त वेळ जमतंय.